मिक्सर उघडता उघडता नोकरी सुटली

सोलापुरात मिक्सर बंद पडतात ते बरेचदा शेंगाचटणीमुळे. ही चटणी मुळात उखळात कुटायची. मुसळाचे घाव बसतील तसं दाण्याला तेल सुटतं आणि तिखट-लसूण त्यात मुरतं. आपण घाईत तीच मिक्सरला लावतो. तेल सुटलं की भांड्यात गोळा होतो, पातं अडकतं, मोटर जोर लावत राहते, तापते आणि एकदम गप्प. घरातलं कोणीतरी लगेच जाहीर करतं, "जळला." बहुतेक वेळा तो जळलेला नसतो. मिक्सर उलटा केला की तळाला एक छोटं, बहुधा लाल, बटण असतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि करंट तोडतं. प्लग काढून मिक्सर थोडा वेळ गार होऊ द्यायचा, बटण आत दाबायचं, भांड्यातला गोळा सोडवायचा. झालं काम.

एवढंच सांगणारा एक छोटा व्हिडिओ मी संक्रांतीच्या सुमारास यूट्यूबवर टाकला. गड्ड्याची जत्रा चालू होती, घरात पाहुणे होते, चटणीचा घाणा पडला होता आणि सासूबाईंचा मिक्सर नेमका तेव्हाच बसला. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला, समोर मिक्सर, आणि चौकटीत फक्त माझे हात. चेहरा दाखवायचा नाही हे घरात आधीच ठरलं होतं. तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात होते. पॅकिंग लिस्ट करा, इनव्हॉइस करा, कंटेनर न्हावाशेव्याला कधी पोचणार ते विचारत बसा, हे माझं काम. दुरुस्ती हा रविवारचा नाद.

नाद अप्पांमुळे लागला. अप्पा एका मिलमध्ये वायरमन होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मोटरी भरून द्यायला सुरुवात केली. पंख्याच्या, पाण्याच्या, पिठाच्या गिरणीच्या, जी येईल ती. तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचं काम माझ्याकडे असायचं, कारण अप्पांना मध्येच कोणी हाक मारली की त्यांचा आकडा चुकायचा. वार्निशचा वास आमच्या वह्यांनासुद्धा यायचा. लग्न होऊन सोलापूरच्या पूर्व भागात आले तरी टेस्टर आणि पक्कड सोबत आली. शेजारणी इस्त्री, पंखा, मिक्सर आणून ठेवायच्या. पैसे मी घेत नव्हते. डबे मात्र भरून यायचे.

व्हिडिओचा उद्योग चालू केला आणि पहिली अडचण आवाजाची आली. आमच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहे. दिवसभर खडखड, खडखड. आम्हाला ती ऐकूच येत नाही, मोबाइलला मात्र फक्त तीच ऐकू येते. वीज गेली की माग थांबतात आणि सगळं शांत होतं, पण वीज नसताना मी मिक्सर काय डोंबल चालवून दाखवणार? मग चित्र दिवसा आणि आवाज रात्री, अशी विभागणी केली. कॉलरला लावायचा स्वस्तातला माइक घेतला आणि रात्री डोक्यावरून सोलापुरी चादर घेऊन बोलायला लागले. चादरीत आवाज घुमत नाही, बाहेरचाही कमी येतो. मे महिन्यात त्या चादरीत पाच मिनिटं बोलून बघा, मग वाक्यं आपोआप छोटी होतात.

दुसरी अडचण मिरवणुकांची. आमच्या गावात जयंत्या आणि मिरवणुका काही कमी नाहीत, आणि प्रत्येकीला मोठ्ठे स्पीकर. एकदा माझ्या इस्त्रीच्या व्हिडिओत मागे कुठल्यातरी सिनेमातलं गाणं अर्धा मिनिट वाजत होतं, आणि यूट्यूबच्या यंत्रणेने ते बरोबर ओळखलं. याला कॉपीराइट क्लेम म्हणतात. यात चॅनेलला शिक्षा होत नाही, पण त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. स्ट्राइक वेगळा. तो मालकाने रीतसर तक्रार केल्यावर येतो, आणि ९० दिवसांच्या आत तीन झाले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. नवीन लोक क्लेम आला की घाबरून व्हिडिओच काढून टाकतात. तसं करायची गरज नसते, तेवढा आवाज काढून टाकता येतो.

लाल बटणाचा व्हिडिओ का चालला हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले केले होते. कार्बन ब्रश कसे बदलायचे, बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा, आर्मेचर कसं तपासायचं. ते पडून होते. मग एकदा यूट्यूब स्टुडिओतल्या आकडेवारीत लोक काय शोधून येतात ते बघितलं. तिथे "आर्मेचर" नव्हतं, "ओव्हरलोड" नव्हतं. तिथे होतं "मिक्सर चालू होत नाही", "मिक्सर मधेच बंद पडतो", "पंखा हळू फिरतो", "कुलरला वास येतो". लोकांना पार्टचं नाव माहीत नसतं, दुखणं माहीत असतं. ज्याला "कंडेन्सर गेलाय" हे कळतं तो माझा व्हिडिओ कशाला बघेल, तो दुकानात जाऊन अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मागेल. त्या दिवसापासून मथळ्यात फक्त तक्रार लिहायची असं ठरवलं, आणि उपाय आत. पंखा हळू फिरतो हा व्हिडिओ म्हणजे कंडेन्सर, शुद्ध भाषेत कपॅसिटर, बदलण्याचाच व्हिडिओ. आधी तो त्याच नावाने टाकला होता. नाव बदललं, थंबनेलवर फक्त संथ पंखा ठेवला, आणि तो उठला.

पैसे मिळायला लागण्याची अट बहुतेकांना माहीत आहे: १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहणी. उभ्या छोट्या व्हिडिओंच्या, म्हणजे शॉर्ट्सच्या, वाटेने जायचं असेल तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबरवर एक अलीकडची पायरी आहे, पण तिच्यावर प्रेक्षकांनी दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचे नाहीत. आणि मराठी माणूस दुरुस्ती शिकवली म्हणून बाईला पैसे पाठवेल हा विश्वास मला नव्हता. ४००० तास ऐकायला सोपे वाटतात. माझा व्हिडिओ लोक सरासरी तीन मिनिटं बघत होते. हिशेब केला तर ८०,००० वेळा कोणीतरी येऊन तीन मिनिटं बसायला हवं. त्यात शॉर्ट्सच्या फीडमधली पाहणी धरत नाहीत, हे मला शॉर्ट्सवर बराच वेळ घालवल्यावर समजलं. १००० सबस्क्रायबर तर त्याहून अवघड गेले. मिक्सर चालू झाला की माणूस खूश होऊन निघून जातो, तो कशाला सबस्क्राइब करतोय! गाण्याच्या किंवा जेवणाच्या चॅनेलला लोक परत येतात. माझ्याकडे परत यायचं तर त्यांच्या घरात आणखी काहीतरी बिघडावं लागतं.

अट पुरी झाली आणि कागदपत्रांचं पर्व सुरू झालं. अर्ज, तपासणी, मग ॲडसेन्सचं खातं, म्हणजे गुगल ज्यातून जाहिरातीचे पैसे देतं ते. खात्यात १० डॉलर जमले की गुगल पत्ता पडताळायला एक पिन पोस्टाने पाठवतं. खरंखुरं पत्र, पोस्टमनच्या हातून. आमच्या गल्लीत घरनंबर आणि खरी घरं यांचा फारसा संबंध नाही, म्हणून मी पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवलं होतं. पत्र यायला काही आठवडे गेले. त्याहून मोठा घोळ नावाचा. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. ॲडसेन्सवर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं, करासाठी पॅन लागतो, आणि दोन्हीकडे दोन बायका. पॅन दुरुस्तीचा अर्ज केला, लग्नाचा दाखला जोडला, थांबले. लग्न झालेल्या मुलींना माझं सांगणं आहे की चॅनेल नंतर काढा, आधी कागदांवर एक नाव करून घ्या.

मग अमेरिकेचा कर. फॉर्मचं नाव डब्ल्यू-८बीईएन. नाव ऐकून मी तो कितीतरी दिवस उघडलाच नाही. आत प्रश्न साधे निघाले. तुम्ही भारतात राहता, पॅन देता, दोन देशांमधल्या कराराचा फायदा मागता. मग अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापतात, बाकीच्यावर काही नाही. माहिती भरलीच नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. माझे अमेरिकेतले प्रेक्षक म्हणजे तिकडे गेलेल्या पोरांचे आईवडील, भारतातला मिक्सर सोबत नेलेले. कापून कापून किती कापणार?

१०० डॉलर झाल्याशिवाय पैसे पाठवत नाहीत. महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते. पहिली रक्कम नऊ हजारांच्या आत होती आणि ती जमायला कित्येक महिने लागले होते. बँकेतून फोन आला, हे परदेशातून पैसे कशाचे? मी म्हटलं, "मिक्सरचे." पलीकडच्या बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, निर्यात करता का?" एका अर्थाने बरोबरच होतं.

मराठी व्हिडिओला दर कमी पडतो, हे स्पष्ट सांगते. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के आपल्याला मिळतात, पण मुळात जाहिरातदार त्या प्रेक्षकासाठी किती मोजतो यावर सगळं. इंग्रजीत शेअर बाजारावर बोलणाऱ्याला हजार व्ह्यूजमागे जे मिळतं त्याची आणि माझी बरोबरी नाही. आठ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तर मध्येही जाहिरात घालता येते. म्हणून लोक चार मिनिटांचं काम नऊ मिनिटांवर ताणतात. मी दोन-तीनदा ताणायला बसले. पण समोरचा माणूस मिक्सर उघडून, स्क्रू ताटलीत ठेवून, तेलकट बोटाने माझा व्हिडिओ पुढे ढकलतोय हे डोळ्यांपुढे आलं की बडबड सुचत नाही. कुलरचा व्हिडिओ आपसूक मोठा होतो, तिथे घालते.

नोकरी सोडायचा विचार एका उन्हाळ्यात आला. सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की घराघरांतले लोखंडी कुलर माळ्यावरून खाली येतात, आणि निम्मे चालत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने पंपात खडू धरलेला, गवत कुजलेलं, मोटर जाम. मार्चपासून माझे कुलरचे व्हिडिओ इतके चालले की एका महिन्याची रक्कम पगारापेक्षा जास्त झाली. नवरा म्हणाला, सोड. तो एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यात आहे, घरभाडं आणि किराणा त्याच्या पगारात निघत होता. मी म्हटलं, थांब, पावसाळा बघू. पावसाळ्यात काय बिघडतं? काही नाही. ऑगस्टमध्ये जे आलं त्यात मुलीची रिक्षा आणि दूध भागलं असतं, एवढंच. मग दिवाळीत मिक्सर, थंडीत गिझर, आणि पुन्हा कुलर. कोरडवाहू ज्वारीसारखं आहे हे, एका हंगामावर वर्ष काढायचं. त्यामुळे जास्तीतजास्त कमाईचा महिना बघायचाच नाही, असं मी ठरवलं. वर्षभर एका वहीत फक्त वाईट महिने लिहीत गेले. उन्हाळ्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि दर एक तारखेला तिथून स्वतःला पगार द्यायचा, असं करून वर्ष निघतंय का ते नोकरीत असतानाच करून बघितलं. निघालं, ओढूनताणून.

पगारापलीकडेही काही सुटतं, ते हिशेबात धरावं लागतं. माझा पगार २१,००० च्या आत होता, म्हणजे ईएसआयसीचं, सरकारी कामगार विम्याचं, कार्ड होतं, घरच्यांच्या औषधपाण्यासकट. ते गेलं. त्याच्या जागी आरोग्य विमा घेतला, त्याचा हप्ता नेमका ऑगस्टमध्ये येतो. पीएफमध्ये कंपनी भरत होती तेही थांबलं.

अप्पांना सांगायला गेले तेव्हा ते एका टेबल फॅनची जाळी पुसत बसले होते.

"नोकरी सोडायलीस म्हणे?"

"हो अप्पा."

"मिलचा भोंगा वाजला नाही ना ज्या दिवशी, त्या दिवशी कळलं आम्हाला पगार म्हणजे काय ते."

"मिलची नोकरी तर कायमची होती की."

ते जरा वेळ जाळीच पुसत राहिले. मग म्हणाले, "पीएफ काढू नको." तीच परवानगी समजायची.

पूर्णवेळ झाल्यावर वेळ भरपूर मिळेल असं वाटलं होतं. पाणी येण्याच्या दिवशी काही होत नाही, कारण सोलापुरात पाणी काही दिवसांआड आलं की बाईमाणूस घरी असताना ते दुसरं कोणी भरत नाही. ऑफिसात होते तेव्हा कोणीतरी भरतच होतं, हा भाग वेगळा. कुलरचे व्हिडिओ फेब्रुवारीत तयार ठेवावे लागतात. एप्रिलमध्ये बसलात तर टाकेपर्यंत वळवाचा पाऊस येतो. शिवाय चित्रीकरणात आवाज नको म्हणून पंखा बंद. थंडगार हवा कशी मिळवायची हे मी घामाने थबथबून सांगत असते. दुरुस्तीला स्वतःला फार वेळ लागत नाही. एडिटिंग, मथळे, कमेंटना उत्तरं, सीएकडे जाणं, जून-सप्टेंबर-डिसेंबर-मार्चच्या १५ तारखांना आगाऊ कर, यात दिवस जातो. निवांत बसून एखादी अनोळखी मोटर उघडावी, आत काय आहे बघावं, तो रविवार आता येत नाही. उघडते ती मोटर आधी फ्रेममध्ये ठेवते. याचं मला वाईट वाटतं, पण पगाराच्या नोकरीत एवढंही उघडायला मिळत नव्हतं.

स्पेअर पार्टच्या दुकानात मला एक मेकॅनिकमामा भेटले. ओळख पटल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय द्यायलात." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तेच पुढे म्हणाले, "आणि लोकं अर्धं उघडून आणायलेत. स्क्रू घरी विसरतेत, आणि मला म्हणतेत तुम्हीच घातला नाही." यात तथ्य होतं. मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटरला भांडं जोडणारा दातेरी तुकडा, तर बऱ्याच मॉडेलमध्ये उलट्या आट्यांचा असतो, मोटर फिरताना तो सैल होऊ नये म्हणून. लोक नेहमीच्या दिशेने जोर लावतात, तो अजून घट्ट होतो, मग पकडीने फोडतात. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत एक भाग ठरलेला आहे: इथपर्यंत तुम्ही करा, याच्या पुढे दुकानात न्या, आणि दुकानात काय सांगायचं. "मिक्सर जळला" म्हणून नेऊ नका, "कपलर घासलाय" म्हणून न्या. मामा आता कधीकधी व्हिडिओचा विषय सुचवतात. बहुतेक विषय त्यांना करायला कंटाळा येणारे असतात.

जाहिरातवालेही येतात. एका कंपनीला माझ्याकडून फक्त एवढं हवं होतं की जुना मिक्सर दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या. बदल्यात मिक्सर फुकट आणि वर पैसे. आमचं चॅनेल दुरुस्तीचं आहे हे त्यांनी बघितलं होतं की नाही कोण जाणे. टेस्टर, मल्टिमीटर, वायर अशा गोष्टींच्या जाहिराती घेते, स्वतः वापरून. व्हिडिओवर "जाहिरात" असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि वर्षात २०,००० पेक्षा जास्त किमतीची फुकट वस्तू मिळाली तर तिच्यावरही १० टक्के टीडीएस आहे, हे सीएने सांगितल्यापासून फुकट वस्तूंचा मोह बराच कमी झाला.

आता ज्याच्यावर मला जास्त बोलायचंय ते. स्वयंपाकाच्या व्हिडिओत मीठ जास्त पडलं तर भाजी खारट होते. माझं ऐकून कोणीतरी २३० व्होल्टच्या वस्तूत हात घालणार असतो, आणि तो कोण, कुठला, त्याच्या घरचं वायरिंग कसलं, हे मला दिसत नाही. सुरुवातीला हे तेवढं जाणवत नव्हतं, कारण बघणारे शंभर-दोनशे असायचे. आकडा वाढला तशी माझी झोप कमी झाली. अप्पा म्हणायचे, करंट ओळख ठेवत नाही.

लोखंडी कुलर ही तर सरळ धोक्याची वस्तू. पत्र्याची पेटी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, कोणीतरी तोडलेली, कारण एक्स्टेंशन बोर्डात ती बसत नव्हती. एका ताईंनी कमेंटमध्ये लिहिलं होतं, "आमच्या कुलरला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून आम्ही चप्पल घालून चालू करतो." आणि खाली तिघांनी लिहिलं होतं, आम्ही पण. ते वाचून मी अर्थिंगवर वेगळा व्हिडिओ केला. खूप मेहनतीने. कोणी बघितला नाही. कुलरला गारवा कसा वाढवायचा हा व्हिडिओ त्याच्या शंभरपट चालला. मग मी कुलरच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची सूचना घातली. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात त्या आलेखात स्पष्ट दिसायचं, त्याच अर्ध्या मिनिटात लोक पळतात. सूचना सुरू झाली की बोट पुढे.

बराच विचार करून सूचना काढून टाकली आणि ती कामातच मिसळली. आता पहिली कृती अशी असते: "प्लग काढा. नुसता खटका बंद करू नका, कारण खटका चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर आत करंट राहतोच. प्लग हातात आलाय ना? मग जरा त्याच्या पिना मोजा." हात आधीच प्लगवर असतो, त्यामुळे माणूस खरंच बघतो. त्यानंतर केबल पत्र्याला जिथून आत जाते तिथे ती घासली आहे का, तेही त्याच दमात. काम झाल्यावर प्लग लावून, पेटीला हात न लावता, कोरड्या हाताने धरलेल्या टेस्टरने पेटी तपासायची, पेटला तर कुलर वापरायचा नाही, वायरमनला बोलवायचं. आलेख आता तिथे पडत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, बसवा, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात तो, हे मात्र कुठे मिसळावं ते मला अजून जमलेलं नाही. ते सांगितलं की लोकांना खर्च दिसतो.

मायक्रोवेव्हचा व्हिडिओ मी करत नाही. मागणी खूप आहे, शहरात घरोघर आहेत, आणि व्ह्यूज नक्की मिळतील. पण त्याच्या आत २००० व्होल्टच्या वरचा मामला असतो, आणि त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. दहा वेळा बजावून सांगितलं तरी अकरावा माणूस व्हिडिओ पुढे ढकलूनच बघणार. फ्यूज बदलण्यापुरता तरी करा, असा आग्रह होतो. फ्यूज कुठे असतो? त्याच्या आतच. हीच गोष्ट गॅसची. शेगडी, गॅस गिझर, काही नाही.

कमेंटमध्ये "ताई, घरात पुरुष नाही का" पासून "तुमचा व्हिडिओ बघितलो, मिक्सर चालू झाला, आईनं तुमच्यासाठी चटणी ठेवलीय" पर्यंत सगळं येतं. पहिल्यांना मी उत्तर देत नाही. दुसऱ्यातल्या एक आजी खरोखरच पत्ता शोधत बाळीवेशीतून आल्या होत्या, उखळात कुटलेली चटणी घेऊन. म्हणजे मिक्सर दुरुस्त झाला तरी त्यांनी वापरला नव्हताच.

सध्या मागणी शेतातून येतेय. मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याकडून एकच प्रश्न: "मोटरचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो." यातलं मला अर्धंच येतं. थ्री-फेज म्हणजे ४१५ व्होल्ट, एक फेज गेली तर मोटर जळते, त्यासाठी प्रिव्हेंटर असतो, एवढी पुस्तकी माहिती आहे. पण ओढ्याकाठच्या पेटीत पावसाळ्यात सरडे आणि मुंग्या शिरून काय होतं ते बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. मोहोळजवळच्या एका वायरमनकाकांनी शिकवायला होकार दिलाय. दिवसा चित्रीकरण चांगलं येईल म्हणून मी सकाळची वेळ मागितली होती. त्यांचा निरोप आला, या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री-फेज रात्रीची आहे, यायचं तर रात्री जेवूनच या, आणि टॉर्च तुमचा आणा.